शिन्या शोकुदो: दहा पानांच्या गोष्टी आणि त्यांचे पडद्यावरचे अवतार

टोकियोतल्या शिंजुकूच्या एका बोळात एक खानावळ आहे. ती रात्री बाराला उघडते आणि सकाळी सातच्या सुमारास बंद होते. भिंतीवरच्या यादीत जेवणाचा पदार्थ एकच: तोनजिरू, म्हणजे डुकराचं मांस आणि कंदमुळं घातलेलं मिसो सूप, सोबत भात. त्याखाली बिअर, साके, शोचू, तेही माणशी तीनच. बाकी काय हवं ते सांगा, सामान असेल आणि जमत असेल तर करून देतो, असा मालकाचा खाक्या. डाव्या डोळ्यावर जखमेचा व्रण असलेल्या या माणसाला सगळे नुसतं ‘मास्टर’ म्हणतात. व्रण कशाचा, हे विचारायचं नाही.

यारो आबे यांची ‘शिन्या शोकुदो’ (म्हणजे मध्यरात्रीची खानावळ) ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथांची मालिका, इतक्याच भांडवलावर 2006 पासून चालली आहे. मालिका म्हणायची, पण खरं तर तो छोट्या गोष्टींचा संग्रहच. एक गोष्ट साधारण दहा पानांची, एक पदार्थ, एक गिऱ्हाईक. प्रकरणांना ‘पहिली रात्र’, ‘दुसरी रात्र’ असे क्रम आहेत. कुठलंही पुस्तक उचला, मधूनच वाचायला घ्या, काही अडत नाही.

हा घाट आबेंनी शोधलेला नाही. लहानपणी मांगा वाचलेली पिढी नोकरीधंद्याला लागली तेव्हा शोगाकुकान या प्रकाशनसंस्थेने तिच्यासाठी 1968 मध्ये ‘बिग कॉमिक’ काढलं आणि 1972 मध्ये त्याचं भावंड ‘बिग कॉमिक ओरिजिनल’. मुखपृष्ठावर कुत्रा, मांजर किंवा असाच एखादा प्राणी, महिन्यातून दोन अंक. हा अंक बहुतेक जण गाडीत किंवा जेवणाच्या सुट्टीत चाळणार, मागच्या अंकात काय झालं ते आठवेलच असं नाही. त्यामुळे एका अंकात सुरू होऊन त्यातच संपणारी गोष्ट इथे कायम मानाची राहिली. रयोहेई साइगान यांची ‘सान-चोमे नो युही’ 1974 पासून याच अंकात आली. 1955 ते 1964 या काळातल्या टोकियोची एक वस्ती, तिथली दुकानं, पोरं, शेजारी. तिच्यावर 2005 मध्ये ‘ऑल्वेज’ हा सिनेमा आला, तो इतका चालला की आणखी दोन काढावे लागले. मासाओ याजिमा आणि केन्शी हिरोकाने यांची ‘निंगेन कोसातेन’ 1980 ते 1990 अशी चालली. तिच्यात तर कायमचं पात्रच नव्हतं, दर वेळी नवी माणसं आणि त्यांचं नवं दुखणं. आबेंच्या खानावळीला जागा मिळाली ती या गल्लीत.

आता खऱ्या गल्लीबद्दल. मांगात ही खानावळ शिंजुकूच्या हानाझोनो भागात आहे. हानाझोनो देवळाला लागूनच गोल्डन गाई आहे, आणि तिचा इतिहास ठाऊक असला की आबेंची गिऱ्हाइकं नेमकी कुठून येतात ते कळतं. युद्धानंतर शिंजुकू स्टेशनाबाहेर काळा बाजार भरायचा. 1949 मध्ये जपानचा ताबा असलेल्या अमेरिकी प्रशासनाने रस्त्यावरच्या टपऱ्या हटवायचा हुकूम काढला, तेव्हा त्यातल्या बऱ्याच टपरीवाल्यांना इकडे जागा मिळाली. खाली दारू आणि वर बिनपरवान्याचा वेश्याव्यवसाय असा धंदा तिथे जमला. 1958 मध्ये वेश्याव्यवसायविरोधी कायदा पूर्णपणे लागू झाल्यावर वरचे मजले थंडावले आणि खाली राहिले चिमुकले बार, जेमतेम सात-आठ माणसं बसतील एवढे. तिथे लेखक, नाटकवाले, सिनेमावाले येऊ लागले. 1980 च्या दशकात जमिनींचे भाव आभाळाला भिडले तेव्हा दलालांनी ही जागा रिकामी करून घ्यायचा चंग बांधला होता. तरी दोनशेच्या आसपास बार अजून आहेत. पलीकडे काबुकिचोतले नाइट क्लब आणि याकुझा म्हणजे गुंडांच्या टोळ्या, थोड्या अंतरावर नि-चोमे ही समलिंगी मंडळींची वस्ती. या सगळ्यांचं काम रात्री उशिरा सुटतं आणि तेव्हा भूक लागलेली असते. मध्यरात्रीची वेळ ही लेखकाची काव्यात्म लहर नाही, त्या भागाचं वेळापत्रकच तसं आहे.

आबे स्वतः तिथले नव्हेत. जन्म 1963 चा, शिकोकू बेटावरच्या कोची प्रांतातला. वासेदा विद्यापीठात मांगा मंडळात होते, पण पुढे जाहिरातपटांच्या दिग्दर्शनात रमले. मांगाकार म्हणून पदार्पण झालं चाळिशीत, 2003 मध्ये, कान साफ करून देणाऱ्या एका दुकानाच्या गोष्टीने. त्या गोष्टीला शोगाकुकानचं नवोदितांचं पारितोषिक मिळालं. म्हणजे तिथेही एक दुकान आणि त्यात येणारी माणसं होतीच. तीन वर्षांनी ‘शिन्या शोकुदो’ आधी ‘ओरिजिनल’च्या जोडअंकात आणि 2007 पासून मुख्य अंकात येऊ लागली. जाहिरातीतल्या माणसाला थोडक्यात सांगायची सवय असणारच. आबेंची रेघ साधी, काहीशी ओबडधोबड. चेहरे देखणे नाहीत, आणि तेच बरं आहे.

जेवणाच्या मांगांची परंपराही तोवर जुनी झाली होती. 1983 ला सुरू झालेल्या ‘ओइशिंबो’त जेवण म्हणजे पारखीची लढाई होती, खरा स्वाद कुणाला कळतो याची. आबेंच्या खानावळीत कुणाला काही सिद्ध करायचं नसतं. याकुझातला र्यू येतो आणि लाल रंगाच्या स्वस्त सॉसेजची ऑर्डर देतो. मास्टर सॉसेजला खालून चिरा देतो, तव्यावर ते फुलून त्याचे पाय फाकतात आणि ताटात चिमुकले ऑक्टोपस येतात. हा लहान मुलांच्या डब्यातला प्रकार. काळा चष्मा लावलेला गुंड मान खाली घालून ते खातो. शेजारी नि-चोमेतला म्हातारा बारमालक कोसुझू गोड तामागोयाकी खात असतो, अंड्याची घडीवर घडी घालून केलेली वडी. दोघं एकमेकांच्या बशीतला घास उचलतात आणि मैत्री होते. बस्स, गोष्ट संपली. दुसऱ्या एका रात्री मियुकी नावाची, कुणी ओळखत नसलेली एन्का (जुन्या वळणाची जपानी भावगीतं) गायिका गरम भातावर सुक्या बोनिटो माशाचा कीस आणि थोडा सोया सॉस मागते. मांजराला घालतात तसलं हे जेवण. तिचं गाणं गाजतं आणि पाठोपाठ ती मरण पावते. एवढं सगळं इतक्या थोड्या पानांत मावतं, कारण आबे तिचा भूतकाळ सांगत बसत नाहीत. त्यांनी तो सांगितला असता तर त्याचा रडका चित्रपट झाला असता. काही गोष्टी त्या बाजूला झुकतातही, हे मान्य करायला हवं. इतकी वर्षं चाललेल्या, 25 हून अधिक खंडांच्या मालिकेत साचा दिसू लागतोच.

2010 मध्ये शोगाकुकान मांगा पुरस्कार आणि जपानी व्यंगचित्रकार संघाचा सर्वोच्च पुरस्कार, दोन्ही मिळाले. पण त्याआधीच, ऑक्टोबर 2009 मध्ये, टीव्ही मालिका सुरू झाली होती, आणि तीही मध्यरात्रीनंतरच्या वेळेला, अर्ध्या तासाचा भाग. मुख्य दिग्दर्शक जोजी मात्सुओका, मास्टरच्या भूमिकेत काओरु कोबायाशी. ही निवड अफलातून होती. कोबायाशी 1970 च्या दशकात जुरो कारा यांच्या नाटकमंडळीत होते, आणि त्याच मंडळीने 1967 मध्ये हानाझोनो देवळाच्या आवारात लाल तंबू ठोकून नाटक केलं होतं. पदार्थ सजवले नामी ईजिमा यांनी. सुरुवातीलाच शिंजुकूचे दिवे सरकतात, त्सुनेकिची सुझुकी यांचं ‘ओमोइदे’ हे गाणं लागतं (चाल एका आयरिश लोकगीताची), आणि मास्टर मांस परततो, मुळा-गाजर घालतो, मिसो विरघळवतो. घाई नाही. प्रत्येक भागाच्या शेवटी पात्रं कॅमेऱ्याकडे बघून पदार्थाची एखादी खुबी सांगतात आणि शुभरात्री म्हणतात. 2011 आणि 2014 मध्ये पुढची पर्वं आली, 2015 आणि 2016 मध्ये सिनेमे, आणि 2016 च्या ऑक्टोबरपासून नेटफ्लिक्सवर ‘टोकियो स्टोरीज’, ज्यामुळे ही खानावळ आपल्याकडेही पोचली. र्यू झालेले युताका मात्सुशिगे 2012 पासून ‘कोदोकु नो गुरुमे’ या मालिकेत एकटेच जेवत फिरू लागले. ती मांगा मात्र 1990 च्या दशकातली, म्हणजे आबेंच्या आधीची.

सिनेमांबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. पहिल्या सिनेमात कुणीतरी खानावळीत अस्थिकलश विसरून जातं, आणि त्या धाग्यावर तीन गोष्टी गुंफल्या आहेत. चांगला आहे, पण दोन तास तिथे बसल्यावर जाणवतं की ही जागा अर्ध्या तासासाठीच आहे.

परदेशी रूपांतरांत खरी गंमत आहे. कोरियात 2012 मध्ये आधी संगीत नाटक झालं, मग 2015 मध्ये एसबीएस वाहिनीवर वीस भागांची मालिका, मास्टर किम सुंग-वू. तिथे कोसुझू आणि स्ट्रिपर मेरिलिन ही पात्रं गाळली गेली. ज्या माणसांना दुसरीकडे बसायला जागा नाही त्यांची ही खानावळ. त्यांनाच बाहेर ठेवलं तर उरतं काय? चीनमध्ये 2017 मध्ये हुआंग लेई यांना घेऊन मालिका आली. दुकान, पडदा, मालकाचा पोशाख सगळं जपानी थाटाचंच ठेवलं, आणि पदार्थांत एका कंपनीच्या झटपट नूडल्सची उघड जाहिरात. चिनी प्रेक्षकांनी ती झोडपून काढली. दोउबान या संकेतस्थळावर तिला दहापैकी तीन गुणही मिळाले नाहीत. त्यांचा मुद्दा सरळ होता: चीनच्या शहरात रात्री भूक लागली की लोक रस्त्यावरच्या शिगडीपाशी, प्लास्टिकच्या स्टुलांवर, भाजलेले तुकडे आणि बिअर घेऊन बसतात, असल्या लाकडी कट्ट्यापाशी कोण जातं? 2019 मध्ये टोनी लेउंग का-फाई यांनी स्वतः दिग्दर्शन करून आणि मास्टर होऊन सिनेमा काढला, तेव्हा खानावळ शांघायमध्ये मांडली.