पॉवर बॅलड

पॉवर बॅलड : हार्ड रॉक व हेवी मेटल या दणदणाटी रॉक प्रकारांतल्या बँडांनी गायलेले संथ लयीचे, बहुधा प्रेमाचे किंवा विरहाचे गाणे. सुरुवात पियानोच्या किंवा साध्या अकूस्टिक गिटारच्या साथीने, दबक्या आवाजात होते. ध्रुपद आले की ड्रम आणि कर्कश इलेक्ट्रिक गिटार एकदम तुटून पडतात. शिकागोच्या ‘स्टिक्स’ बँडचे ‘लेडी’ (१९७३) हा या घाटाचा सुरुवातीचा ठळक नमुना मानला जातो. पण या प्रकाराचे खरे राज्य १९८० च्या दशकातले, आणि तेही मुख्यतः अमेरिकेतले.

नुसते संथ गाणे म्हणजे पॉवर बॅलड नव्हे. सारी गंमत दोन टोकांमधल्या अंतरात असते. ‘हार्ट’चे ‘अलोन’ (१९८७) ऐकावे. पहिल्या कडव्यात गायिका ॲन विल्सन जवळजवळ पुटपुटतेच, साथीला पियानो. ध्रुपदाच्या उंबरठ्यावर ड्रम कोसळतात आणि तोच आवाज थेट तार सप्तकात जाऊन किंचाळतो. दुसऱ्या ध्रुपदानंतर गिटारचा एकल तुकडा हा तर या प्रकाराचा शिरस्ताच. हा तुकडा बहुधा गाता येण्याजोगा असतो, बोटांची कसरत दाखवण्यापुरता नसतो.

ड्रमच्या त्या दणक्यामागे अनेकदा एक तांत्रिक युक्ती असे. ब्रिटिश गायक पीटर गेब्रिएलच्या तिसऱ्या अल्बमचे (१९८०) ध्वनिमुद्रण लंडनच्या टाउनहाउस स्टुडिओत चालू असताना ध्वनितंत्रज्ञ ह्यू पॅजम यांनी फिल कॉलिन्सचे ड्रम खोलीतल्या घुमाऱ्यासकट पकडले आणि तो घुमारा विरत जाऊ न देता मध्येच कापून टाकला. आवाज प्रचंड, पण शेपूट नाही. याला ‘गेटेड रिव्हर्ब’ म्हणतात. पुढची दहा वर्षे रॉकच काय, पॉप संगीतही या आवाजाने झपाटलेले होते.

मार्च १९८१ मध्ये ‘आरईओ स्पीडवॅगन’चे ‘कीप ऑन लव्हिंग यू’ बिलबोर्ड या अमेरिकी साप्ताहिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत अव्वल ठरले आणि त्याच वर्षीच्या १ ऑगस्टला गाण्यांचे व्हिडिओ दाखवणारी एमटीव्ही ही वाहिनी सुरू झाली. ‘जर्नी’चे ‘ओपन आर्म्स’ (१९८२) सहा आठवडे दुसऱ्या क्रमांकावर अडून बसले. ‘फॉरिनर’च्या ‘वेटिंग फॉर अ गर्ल लाइक यू’ने तर त्याआधी दहा आठवडे दुसऱ्या जागेवर काढले होते. ‘फॉरिनर’ची भरपाई १९८५ च्या आरंभी झाली. ‘आय वाँट टू नो व्हॉट लव्ह इज’मध्ये न्यू जर्सी मास क्वायर या भजनी समूहाचा आवाज आहे आणि ते गाणे अमेरिका व ब्रिटन दोन्हीकडे पहिले आले. जर्मनीच्या ‘स्कॉर्पियन्स’चे ‘स्टिल लव्हिंग यू’ (१९८४) मात्र अमेरिकेपेक्षा युरोपात अधिक गाजले. ‘मॉटली क्रू’च्या ‘होम स्वीट होम’मध्ये (१९८५) पियानोवर बसलेला दिसतो तो बँडचा ड्रमर टॉमी ली, एमटीव्हीवर या गाण्याची फर्माईश थांबता थांबेना, तरी बिलबोर्डवर त्याची धाव ८९ व्या क्रमांकापर्यंतच.

केस पिंजारलेल्या, चामडी कपड्यांतल्या या मंडळींची खरी मिळकत हळव्या गाण्यांची होती, हे ऐकायला विचित्र वाटते. पण याद्या तेच सांगतात. ‘फॉरिनर’, ‘डेफ लेपर्ड’ (‘लव्ह बाइट्स’, १९८८) आणि ‘पॉइझन’ या तिघांना अमेरिकेत एकेकदाच पहिला क्रमांक मिळाला आणि तिन्ही वेळा तो बॅलडनेच मिळवून दिला. कट्टर मेटलवाल्यांनी नाके मुरडली. समीक्षकांनाही हा बेगडी भावुकपणा वाटला, आणि पुष्कळ गाण्यांबाबत तो आरोप खराच आहे.

‘पॉइझन’चे गाणे म्हणजे ‘एव्हरी रोझ हॅज इट्स थॉर्न’ (१९८८). आरंभी एक सुस्कारा ऐकू येतो, मग अकूस्टिक गिटारवर जी आणि सी-ॲड-नाइन या दोन कॉर्ड (एकत्र छेडलेले स्वरसमूह) आलटून पालटून. अनामिका आणि करंगळी जागच्या हलत नाहीत, उरलेली दोन बोटे तेवढी शेजारच्या तारेवर सरकतात. त्यामुळे गिटार नुकती हातात घेतलेल्यालाही हे गाणे लवकर वाजवता येते. त्याच्या लोकप्रियतेत या सोपेपणाचा वाटा थोडा नसावा.

दशक सरता सरता साचा उघडा पडला होता. ‘एक्स्ट्रीम’च्या ‘मोअर दॅन वर्ड्‌स’ने १९९१ मध्ये ड्रमच काढून टाकले आणि दोन आवाज व एका गिटारवर पहिला क्रमांक पटकावला. त्याच वर्षी सिॲटलच्या ‘ग्रंज’ या खरखरीत, बिनसजावटीच्या रॉकच्या लाटेवर ‘निर्वाना’ आले आणि जुन्या बँडांची सद्दी संपत गेली. तरी १९७० पासून वाजवत असलेल्या ‘एरोस्मिथ’ला अमेरिकेतला आपला एकमेव पहिला क्रमांक १९९८ मध्ये मिळाला, तो ‘आय डोंट वाँट टू मिस अ थिंग’ या बॅलडने. आणि तेही बँडमधल्या कोणी नव्हे, डायेन वॉरेन या व्यावसायिक गीतकार बाईंनी लिहिलेले होते.