जप लागला की डोळा लागला?

नामस्मरणाला बसणाऱ्यांची नेहमीची तक्रार म्हणजे मन भरकटतं. भरकटणं टोचतं, म्हणून लगेच लक्षात येतं. वेदान्ताच्या परंपरेत ध्यानाची चार विघ्नं सांगितली आहेत: लय, विक्षेप, कषाय (मनात दबलेल्या वासना) आणि रसास्वाद (ध्यानातल्या सुखातच रमणं). भरकटणं म्हणजे विक्षेप. पण यादीत त्याच्याही आधी येतो तो लय, म्हणजे मन झोपेत विरून जाणं, आणि आमच्या मते जास्त घात तोच करतो, कारण तो गोड लागतो. माळ हातात, विचार शांत, अर्धा तास कधी सरला कळलं नाही. साधक समाधानानं उठतो, आज मन छान लागलं म्हणतो. पुष्कळदा मन नव्हे, डोळा लागलेला असतो. भरकटणाऱ्याला निदान खंत असते आणि तो परत नामाकडे वळतो. लयातला माणूस वर्षानुवर्षं तिथंच सुखानं बसून राहू शकतो.

आतून पाहिलं तर एकाग्रता आणि लय सारखेच भासतात. दोन्हींत विचार विरळ होतात, श्वास मंदावतो, वेळेचं भान सुटतं, उठू नये असं वाटतं. त्यामुळे ‘कसं वाटलं?’ हा प्रश्न इथं कुचकामी आहे. पतंजलींनी तर निद्रेलाही पाच चित्तवृत्तींत धरलं आहे. विचार नव्हते एवढ्यावरून मन स्थिर होतं असं ठरत नाही.

मग बघायचं काय? पहिली साक्ष पाठीची. मन एकाग्र असताना कणा फारसा न सांभाळताही उभा राहतो. लयात आधी हनुवटी छातीकडे येते, मग खांदे ओघळतात, पकड सैल होते आणि माळ मांडीवर येते. दुसरी साक्ष नामाची, आणि ती जास्त बारीक आहे. एकाग्रतेत नाम सूक्ष्म होतं, कधी थांबतंही. पण ते थांबल्याची जाण जागी असते. लयात नाम अर्धवट तुटतं. ‘श्रीराम जय राम’ इथपर्यंत येतं आणि पुढच्या ‘जय जय राम’च्या जागी काहीतरी असंबद्ध वाक्य येतं: कोणाचा तरी फोन, भाजीचा भाव, न घडलेलं संभाषण. तो विचार नसतो, स्वप्नाचा पहिला तुकडा असतो. तिसरी साक्ष उठल्यानंतरची. एकाग्रतेनंतर कोणी हाक मारली तर उत्तर स्वच्छ जातं. लयानंतर डोकं जड असतं, क्षणभर वेळ-काळ कळत नाही, आणि हाक मारणाऱ्याचा उगाच राग येतो.

घड्याळाचीही मदत होते. तेरा अक्षरी राममंत्राला तीन सेकंद धरले, तर 108 मण्यांना साधारण साडेपाच मिनिटं लागतात. चार माळांना बावीस. आपला वेग एकदा नीट जागेपणी मोजून ठेवावा. बाविसाचे पस्तीस झाले, किंवा मेरुमणी, म्हणजे माळेच्या टोकाचा मणी, तीनदा आला की चारदा हेच सांगता येईना, तर मध्ये भोकं पडली आहेत. मात्र खोल जपातही वेग मंदावतो, म्हणून घड्याळाच्या जोडीला पाठीची साक्ष घ्यावी.

झोपेच्या उंबरठ्यावर आणखी एक गोष्ट घडते, आणि तिथं भल्याभल्यांची फसगत होते. अंगाला अचानक हिसका बसतो, आपण पडतोय असं वाटतं. मिटल्या डोळ्यांपुढे चेहरे किंवा प्रकाश येतो, कानात आपल्या नावाची हाक येते. हे सगळं झोप लागताना निरोगी माणसालाही होतं. त्याला लगेच कुंडलिनी किंवा साक्षात्कार ठरवू नये. त्या वेळी मान कुठं होती, एवढं आठवून पाहावं.

लयाची कारणं बहुतेक साधी असतात. रात्री साडेबाराला झोपून ब्राह्ममुहूर्तावर, म्हणजे सूर्योदयाच्या दीड तास आधी, आसनावर बसणं ही साधना कमी आणि झोपेची उधारी जास्त. आधी रात्र अलीकडे आणावी. ते जमत नसेल तर बैठक उशिरा ठेवावी. जेवणानंतर निदान दोन तास जाऊ द्यावेत. फार खाणाऱ्याला योग साधत नाही आणि फार उपाशी राहणाऱ्यालाही नाही, असं गीतेचा सहावा अध्याय झोपेच्याच जोडीनं सांगतो. टेकून बसू नये. आणि दिवसभरच पेंग येत असेल, घोरणं जोराचं असेल किंवा सर्दीची, झोपेची औषधं चालू असतील, तर मनाला बोल लावण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

जरा नाजूक कारण म्हणजे घाई. मानसिक जप उपांशूपेक्षा (ओठांतल्या ओठांत केलेल्या जपापेक्षा), आणि उपांशू वाचिकापेक्षा (मोठ्यानं केलेल्या जपापेक्षा) श्रेष्ठ, असं मनुस्मृतीत आहे. ते वाचून लोक थेट मनातल्या मनात जप सुरू करतात. पण ओठ, जीभ, कान यांना काम नसलं की झोपेला वाट मोकळीच. म्हणून पेंग आली की एक पायरी खाली यावं: ओठ हलवत जप, तरीही डुलकी आली तर मोठ्यानं. डोळे अर्धे उघडे ठेवावेत. एवढ्यानं भागलं नाही तर उभं राहावं. वारकऱ्यांच्या उभ्या भजनात टाळ, पखवाज आणि पावलीमुळे डुलकीला जागाच उरत नाही. समर्थ रामदासांनी नाशिकजवळच्या टाकळीला नदीच्या पाण्यात उभं राहून जप केला, असं परंपरा सांगते. त्या पाण्यात पेंग येणं कठीणच.

काहींना मात्र पोटभर झोप होऊनही नेमकी जपालाच पेंग येते, पेपर वाचताना येत नाही. अशा वेळी मन काहीतरी टाळत असण्याची शक्यता असते: जुना राग, केलेली चूक, देवाकडे बोलायचं राहून गेलेलं गाऱ्हाणं. शांत बसलं की ते वर येऊ लागतं आणि मन दिवा मालवतं. इथं आवाज वाढवून फार उपयोग होत नाही. बसण्याआधी दोन मिनिटं ती गोष्ट देवाला साध्या शब्दांत सांगून टाकावी, मग माळ घ्यावी.

उपाय अति केला तर गाडं विक्षेपावर जातं: चहा ढोसून, ओरडून, वेगानं माळा उरकल्या की मन जागं राहतं खरं, पण चौखूर उधळतं. अद्वैत वेदान्ताचे जुने आचार्य गौडपाद यांच्या मांडूक्य-कारिकेतला क्रम इथं कामाचा आहे. लयात गेलेल्या चित्ताला जागं करावं, विखुरलेल्याला शांत करावं, आणि ते सम झालं की हलवू नये. त्यामुळे वरच्या कसोट्या जप चालू असताना लावत बसू नयेत. माळ ठेवल्यावर, आसन सोडण्याआधी अर्धा मिनिट त्यासाठी पुरे.