शीतकनाश अपघात-विश्लेषण पद्धतींचे नियामक परीक्षण

अणुभट्टीच्या गाभ्यातली उष्णता वाहून नेणारा द्रव म्हणजे शीतक. त्याची नळी फुटून तो बाहेर गेला, तर इंधन किती तापेल आणि किती वेळ तापलेले राहील, हे अणुभट्टी उभी राहण्याआधीच गणिताने काढावे लागते. हे गणित ज्या रीतीने केले जाते त्या रीतीची नियामक संस्थेने केलेली छाननी, असा या संज्ञेचा अर्थ आहे. अणुवीज केंद्रांतले अभियंते या अपघाताला ‘लोका’ (‘लॉस ऑफ कूलंट ॲक्सिडेंट’ची आद्याक्षरे) म्हणतात. ‘शीतकगळती’ म्हटले की थेंबथेंब झिरपणारे पाणी डोळ्यांपुढे येते; नियामकाला मात्र सर्वांत मोठ्या नळीचे एका क्षणात दोन तुकडे झाले, इथपासून विचार करावा लागतो. म्हणून या नोंदीत ‘शीतकनाश’ हा शब्द घेतला आहे.

साखळी विक्रिया थांबवली तरी उष्णता थांबत नाही, हे या विषयाचे मूळ. सातारा-सांगलीकडच्या वाचकाला गुऱ्हाळाचा दाखला लगेच सुचेल : चुलवणातला जाळ ओढून घेतला तरी काहिलीतला रस बराच वेळ खदखदत राहतो. पण हा दाखला अर्धाच लागू पडतो. काहिलीत साठलेली उष्णता असते आणि ती ओसरते. इंधनात विखंडनातून उरलेली किरणोत्सारी द्रव्ये नवी उष्णता निर्माण करत राहतात. भट्टी बंद होताच ही उष्णता पूर्ण शक्तीच्या ६ ते ७ टक्के असते, तासाभराने साधारण दीड टक्का आणि एका दिवसानंतर सुमारे अर्धा टक्का. ३,००० मेगावॉट औष्णिक शक्तीच्या भट्टीत अर्धा टक्का म्हणजे १५ मेगावॉट. तेवढी उष्णता काढून नेणारे पाणी गाभ्यापर्यंत पोहोचते की वाटेतच फुटीतून निघून जाते, हा खरा प्रश्न असतो.

निकषांचा उगम. अमेरिकेत १९६७ साली अर्गेन यांच्या समितीने आपत्कालीन शीतनाचा, म्हणजे नळी फुटल्यावर गाभ्याला वेगळे पाणी पुरवून थंड ठेवण्याचा, प्रश्न ठळकपणे मांडला. १९७०च्या अखेरीस आयडाहो येथील ‘सेमिस्केल’ या विजेने तापवलेल्या छोट्या प्रतिकृतीत आपत्कालीन पाणी गाभ्यात न शिरता बाहेरच्या बाहेर निघून गेले. प्रतिकृती खऱ्या भट्टीसारखी नव्हती, हा आक्षेप रास्त होता; पण गणिताने हा प्रकार आधी सांगितलेला नव्हता, ही गोष्ट त्याहून बोलकी होती. जून १९७१ मध्ये तेव्हाची नियामक संस्था असलेल्या अमेरिकी अणुऊर्जा आयोगाने तात्पुरते निकष जाहीर केले. त्यावरची जाहीर सुनावणी जानेवारी १९७२ ते जुलै १९७३ अशी चालली आणि तिच्या कामकाजाची नोंद २२,००० पानांच्या पुढे गेली. हरकत घेणाऱ्यांच्या बाजूने हेन्री केंडल व डॅनियल फोर्ड यांनी मुख्य भार उचलला. केंडल यांना पुढे १९९०चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले.

अंतिम नियम ४ जानेवारी १९७४ रोजी प्रसिद्ध झाला. इंधनावरच्या झिर्कॅलॉय (झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या) आवरणाचे तापमान २,२०० अंश फॅरेनहाइटच्या (१,२०४ अंश सेल्सियसच्या) वर जाऊ नये. आवरणाच्या जाडीपैकी १७ टक्क्यांहून अधिक भागाचे ऑक्सिडीकरण होऊ नये. सगळे आवरण वाफेशी विक्रिया पावल्यास जितका हायड्रोजन निघेल त्याच्या १ टक्क्याहून अधिक निघू नये. गाभ्याचा आकार पाणी खेळते राहील असा टिकावा. आणि शीतन दीर्घकाळ चालू राहावे, असे पाच निकष त्यात आहेत.

यांतला १७ टक्क्यांचा आकडा आला कुठून, याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. तापलेले आवरण थंड पाण्याच्या धक्क्याने फुटते की टिकते, या चाचण्यांवर तो बेतला असावा, असा एक समज आहे. कागदपत्रे मात्र दुसरीकडे बोट दाखवतात आणि तेच मत अधिक ग्राह्य वाटते. ओक रिज प्रयोगशाळेत हॉब्सन यांनी वाफेत ऑक्सिडीकरण केलेल्या आवरणाच्या कड्या कापून सावकाश दाबून पाहिल्या. कडी थोडी चेपून मग मोडली तर धातूत लवचिकता उरली, काचेसारखी तडकली तर संपली. अपघातात आवरणावर नेमकी कोणती बले येतील हे खात्रीने सांगता येत नसल्याने धातूत थोडी तरी लवचिकता शिल्लक हवी, अशी भूमिका आयोगाने घेतली. लवचिकता केव्हा संपते ही सीमा, वाफेत आवरणाचे ऑक्सिडीकरण किती वेगाने होते हे सांगणाऱ्या बेकर-जस्ट समीकरणाने, ऑक्सिडीकरणात मोजली तेव्हा १७ टक्के आले. म्हणजे हा आकडा त्या समीकरणाशी बांधलेला आहे. तीच सीमा नंतरच्या कॅथकार्ट-पॉवेल समीकरणाने मोजली तर सुमारे १३ टक्के भरते. एक समीकरण वापरून दुसऱ्याची मर्यादा लावली, तर उत्तर सुरक्षित दिसते आणि तसे असेलच असे नाही. परीक्षकाने डोळ्यांत तेल घालून पाहावी अशी ही जागा आहे. तापमानाच्या मर्यादेचे कारणही याच कड्यांत सापडते : सुमारे १,३१५ अंश सेल्सियसला तापवलेल्या कड्या अपेक्षेआधीच ठिसूळ निघाल्या, कारण त्या तापमानाला ऑक्सिजन आतल्या धातूतही मुरतो.

दोन पद्धती. १९७४च्या नियमाने जी पद्धत घालून दिली तिला सावध किंवा पुराणमतवादी पद्धत म्हणतात. भट्टी १०२ टक्के शक्तीवर चालू आहे असे धरायचे, उरलेली उष्णता १९७१च्या मानकापेक्षा २० टक्के जास्त धरायची आणि आपत्कालीन यंत्रणेतला एक घटक ऐनवेळी बंद पडला असे मानायचे. दुसरी पद्धत जे घडेल तेच शक्य तितके अचूक काढते आणि सोबत अनिश्चितता सांगते. तिला १९८८च्या दुरुस्तीने मान्यता मिळाली.

दोहोंतला फरक सांगलीकरांना पुराच्या दिवसांत अनुभवाने कळतो. कोयनेचा विसर्ग वाढला की सगळ्यांचे डोळे आयर्विन पुलाच्या पट्टीवर लागतात; ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. ‘पाणी ४५च्या वर जाणार असेच धरा’ हा सावध अंदाज. ‘४१च्या आसपास राहील, पण ४५ ओलांडण्याची शक्यता इतकी’ हा दुसऱ्या जातीचा अंदाज. पहिल्याने गल्ली वेळेत रिकामी होते. पण सगळे लक्ष एकाच वाईट चित्रावर खिळले तर पाणी नाल्यातून उलटे शिरते आहे, हे पाहायचे राहते.

अणुभट्टीच्या बाबतीत नेमके हेच झाले. मोठ्या फुटीचे गणित वर्षानुवर्षे घासूनपुसून घेतले गेले आणि २८ मार्च १९७९ रोजी थ्री माइल आयलंड येथे दाब सोडणारी एक झडप उघडी अडकून राहिल्याने, म्हणजे लहान फुटीने, गाभा अंशतः वितळला. त्यानंतर लहान फुटीच्या विश्लेषणाला परीक्षणात बरोबरीचे स्थान आले.

अनिश्चितता मोजण्यासाठी विल्क्स यांचे १९४१चे सांख्यिकी सूत्र बहुतेक ठिकाणी वापरतात. माहितीतली अनिश्चितता यदृच्छेने बदलत संगणकावर ५९ वेळा गणित चालवले आणि त्यांतले सर्वांत मोठे उत्तर घेतले, तर ९५ टक्के शक्यतांना व्यापणारी मर्यादा ९५ टक्के खात्रीने मिळते. यात एक फट आहे. ५९चा संच पुन्हा चालवला की कमाल आकडा बदलतो. मनाजोगा आकडा येईपर्यंत संच बदलणाऱ्याला कोण अडवणार? म्हणून कोणता संच चालवणार, हे आधीच लिहून द्यायला लावणे हिताचे.

छाननीची रीत. अर्जदार पद्धतीचा अहवाल देतो, परीक्षक प्रश्न पाठवतात, उत्तरे येतात, पुन्हा प्रश्न जातात. नियामक आपल्या स्वतंत्र संगणक संहितेने (गणनेच्या आज्ञावलीने) तेच गणित करून पाहतो. अमेरिकेत ‘रेलॅप’ व ‘ट्रेस’, फ्रान्समध्ये ‘काथार’ आणि जर्मनीत ‘अॅथलेट’ या संहिता प्रसिद्ध आहेत. मंजुरी मिळते ती अटींसह : कोणत्या भट्टीला, कोणत्या इंधनाला, किती दाबापर्यंत. मंजूर पद्धतीत चूक सापडून कमाल तापमान ५० अंश फॅरेनहाइटहून अधिक बदलत असेल, तर अमेरिकी नियमाप्रमाणे ३० दिवसांत कळवावे लागते. मंजुरी कायमची नसते, याचे उदाहरण २००९चे आहे. इंधन जुने होत जाते तशी त्याची उष्णता वाहून नेण्याची क्षमता घटते, आणि काही जुन्या मंजूर संहितांत ही घट धरलीच नव्हती, असे अमेरिकी नियामकाने त्या वर्षी उद्योगाच्या नजरेस आणले.

भारत. अणुऊर्जा नियामक मंडळाची स्थापना १५ नोव्हेंबर १९८३ रोजी झाली. कार्यालय मुंबईत अणुशक्तिनगरला आहे. नव्या प्रकल्पांचे व चालू केंद्रांचे परीक्षण समित्यांच्या उतरंडीतून होते. तारापूरच्या १९६९ मधील पहिल्या दोन भट्ट्या उकळत्या पाण्याच्या आहेत. बहुसंख्य भारतीय भट्ट्या मात्र दाबित जड पाण्याच्या असल्याने परदेशी निकष जसेच्या तसे उचलून चालत नाही. २२० मेगावॉटच्या भट्टीत एका मोठ्या पात्राऐवजी इंधन ठेवलेल्या ३०६ आडव्या वाहिन्या असतात. शीतकाची वाफ झाली की अशा भट्टीची शक्ती क्षणभर वाढते, त्यामुळे पहिल्या एक-दोन सेकंदांचे गणित न्यूट्रॉन आणि पाणी यांना एकत्र धरून करावे लागते. शिवाय सर्वांत मोठी फूट इथे सर्वांत वाईट असतेच असे नाही. वाहिन्यांना पाणी वाटून देणाऱ्या शीर्षनलिकेतल्या एका विशिष्ट आकाराच्या फुटीत पंपाचा रेटा आणि फुटीची ओढ यांचा तोल साधतो आणि वाहिनीतले पाणी जागच्या जागी थबकते. ती फूट शोधण्यासाठी आकार थोडाथोडा बदलत गणित पुन:पुन्हा करतात. जमेची बाजू अशी, की वाहिन्यांभोवती थंड जड पाणी असते आणि शेवटचा आधार म्हणून ते उष्णता शोषते.

११ मार्च २०१६ रोजी काक्रापारच्या पहिल्या भट्टीत एका वाहिनीची दाबनळी (इंधन आणि शीतक जिच्यात असतात ती नळी) गळू लागली. भट्टी आपोआप बंद झाली आणि आपत्कालीन शीतन चालू झाले. तपासात दाबनळ्यांच्या बाहेरच्या पृष्ठभागावर गंज आढळला.

भूकंपाचा संबंध. सातारा वा सांगली जिल्ह्यात अणुभट्टी नाही, तरी या विषयात कोयनेचे नाव येते. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे पाटण तालुक्यात भूकंप झाला. त्याची तीव्रता साधनांनुसार ६.३ ते ६.७ दिली जाते. कोयना धरणातल्या उपकरणाने गुरुत्वीय त्वरणाच्या ०.६३ पट कमाल त्वरण नोंदवले आणि दख्खनचे पठार स्थिर आहे हा विश्वास डळमळला. भारतीय भूकंप मानक १९७० साली सुधारले गेले. शीतकनाशाच्या विश्लेषणात पंप, डिझेल जनित्रे आणि पाण्याच्या टाक्या काम करतील असे धरलेले असते. जमीन हादरल्यावर त्या उभ्या राहतील का, हा प्रश्न त्या गृहीतकाला जोडूनच विचारावा लागतो. कोकण किनाऱ्यावर जैतापूर येथे प्रस्तावित असलेल्या भट्ट्यांच्या संदर्भातही कोयनेचा दाखला वारंवार दिला जातो.