डिझेलला प्लग नाही, मग काटा फिरणार कशाने?

"साहेब, डिझेलला प्लगच नसतो, मग हा काटा फिरणार कशाने? काढून टाका, त्या भोकात घड्याळ बसवून देतो."

ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या एका गॅरेजात मिस्त्रींनी माझ्या मेव्हण्याला हे ऐकवलं, तेव्हा मी शेजारी कटिंग पीत उभा होतो. मेव्हण्याच्या जुन्या पेट्रोल गाडीत नुकतंच डिझेल इंजिन चढलं होतं, आरटीओची मंजुरी, आरसी बुकात नोंद, सगळं रीतसर. गाडी झकास पळत होती. फक्त डॅशबोर्डवरचा मूळ आरपीएम मीटर, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या दाखवणारा काटा, शून्यावर झोपला होता. मेव्हणा माझ्याकडे वळला. "भावोजी, तुम्ही विज्ञानाचं लिहिता ना? मग हे चालू करून दाखवा."

मिस्त्रींचं अर्धं म्हणणं खरं होतं. चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक पेट्रोल इंजिनात प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन फेऱ्यांत एकदा प्लगची ठिणगी पडते, म्हणजे एका फेरीला एकूण दोन. ३००० आरपीएमला सेकंदाला ५० फेऱ्या, १०० ठिणग्या. जुना मीटर इग्निशन कॉइलची, म्हणजे प्लगला वीज पुरवणाऱ्या गुंडाळीची, तार पकडून या ठिणग्याच मोजतो. दर ठिणगीला तो काट्याच्या गुंडाळीत ठरावीक मापाचा विजेचा एक घोट सोडतो. घोट जितके दाट, तितका काटा वर. इंजिन किती फिरतंय हे त्या मीटरला कधी ठाऊकच नव्हतं. डिझेल इंजिनात नुसती हवाच विसाव्या हिश्शाच्या आसपास दाबली जाते, ती ५०० अंश सेल्सिअसच्या वर तापते आणि तिच्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. ग्लो प्लग असतो, पण तो थंड इंजिन सुरू करताना तापण्यापुरता. ठिणगी नाही, म्हणून मीटर उपाशी.

मग फेऱ्यांच्या प्रमाणात बदलणारं दुसरं काय सापडेल? ते बॉनेटखालीच असतं: अल्टरनेटर, म्हणजे इंजिनाच्या पुलीवरून पट्ट्याने फिरणारं, बॅटरी चार्ज करणारं जनित्र. गॅरेजवाले अजून त्याला डायनामोच म्हणतात.

हे यंत्र मला फार आवडतं, तेव्हा इथे जरा रेंगाळतो. फॅरेडेने १८३१ साली दाखवलं की तारेच्या गुंडाळीजवळ चुंबकीय क्षेत्र बदललं की तिच्यात वीज उमटते. अल्टरनेटरच्या मधोमध एक गुंडाळी असते आणि तिच्यावर दोन्ही बाजूंनी वाघनखांसारखी लोखंडी बोटं एकमेकांत अडकवून बसवलेली असतात. गुंडाळीत प्रवाह सोडला की एका बाजूची बोटं उत्तर ध्रुव होतात, दुसऱ्या बाजूची दक्षिण. एकूण बारा बोटं असतील, तर सहा जोड्या. हा रोटर फिरताना बाहेरच्या स्थिर तारांसमोरून उत्तर, दक्षिण, उत्तर अशी वरात जाते आणि दर फेरीला विजेची सहा आवर्तनं तयार होतात. ही वीज उलटसुलट वाहणारी, म्हणून बॅटरीकडे जाण्याआधी डायोड तिला एका दिशेला लावतात. डायोडच्या अलीकडेच एका गुंडाळीतून तार बाहेर काढली, की झालं डब्ल्यू टर्मिनल. आमच्या भंगारातून आलेल्या अल्टरनेटरला ते नव्हतंच. डायनामोवाल्याने मागचं झाकण उघडून आत एक तार डाग दिली, अर्ध्या तासाचं काम.

आता हिशेब. इंजिनाची पुली १५ सेंटिमीटरची, अल्टरनेटरची ६ ची. इंजिनाच्या एका फेरीत अल्टरनेटरच्या अडीच, म्हणजे १५ आवर्तनं. मीटरला हवेत दोन ठोके. १५ भागिले २ म्हणजे साडेसात, आणि साडेसाताने भागणारा सोपा काउंटर कुठला आणणार? तेव्हा ४०२४ नावाची स्वस्तातली आयसी घेतली आणि आठाने भागलं. एका फेरीला १.८७५ ठोके मिळाले. ३००० ला काटा सुमारे २८१२ दाखवणार. हा सव्वासहा टक्क्यांचा फरक मीटरच्या पाठीवरच्या बारीक स्क्रूने भरून काढता येतो.

एवढं करूनही काटा हलेना. डब्ल्यूची तार शून्य ते चौदा-पंधरा व्होल्टमध्ये झुलते आणि मीटरला सवय इग्निशन कॉइलच्या दोन-तीनशे व्होल्टच्या तडाख्याची. गुंडाळीतला प्रवाह अचानक तोडला की तिचं कोसळणारं क्षेत्र त्याच गुंडाळीत विजेचा जबर उलटा दाब उठवतं. पेट्रोल गाडीतली ठिणगीही याच दाबातून पडते. तर असा तडाखा बनवायचा. हॉर्नचा जुना रिले फोडून नुसती गुंडाळी घेतली, आतला डायोड मुद्दाम उपटला (तो असला की तडाखा जागीच विरतो) आणि काउंटरने चालणारा, दाब सोसणारा ट्रान्झिस्टर तिचा प्रवाह तोडायला लावला. काटा टुणकन उठला. ठिणगी नसलेल्या इंजिनाने ठिणगीचं सोंग घेतलं होतं!

याच गॅरेजात मेव्हण्याला डिझेलच्या पाइपाला बांधायचा चुंबक देऊ केला होता, मायलेज वाढतं म्हणे. डिझेलवर चुंबकाचा परिणाम इतका क्षीण की जाळण्यात त्याने काडीचाही फरक पडत नाही. तोच पैसा दोन छोट्या चुंबकांवर घालून ते क्रँकपुलीला (इंजिनाच्या पुलीला) समोरासमोर चिकटवले आणि जवळ चुंबक ओळखणारा हॉल सेन्सर ठेवला, तर एका फेरीला नेमके दोन ठोके मिळतात. हिशेबाची गरजच नाही. मेव्हणा पुलीला हात लावू देईना, म्हणून राहिलं.

स्क्रू कितपत फिरवायचा? त्यासाठी रात्री गॅरेजातले बाकी दिवे बंद करून चोकवाली जुनी ट्यूबलाइट लावली. ५० हर्ट्झच्या विजेवर ती सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होते. क्रँकपुलीवर खडूची एकच रेघ ओढून इंजिन सुरू केलं. वेग बरोबर १५०० ला आला की पुली एका फेरीत चार वेळा उजळते आणि रेघेच्या जागी चार स्थिर रेघा दिसतात. २००० ला तीन, ३००० ला दोन. कडा थोड्या पुसट, पण रेघा अक्षरशः थांबतात! मिस्त्री दोनदा वाकून बघून गेले. (बाही वर करून, पुलीपासून लांब उभं राहून बघायचं.) आपल्या ग्रिडची वारंवारता ४९.९ ते ५०.०५ हर्ट्झमध्ये ठेवायचा दंडक आहे, म्हणजे हे फुकटातलं घड्याळ आमच्या काट्यापेक्षा कितीतरी नेमकं.

जुलैत मेव्हण्याचा फोन आला. घोडबंदर रोडवर गायमुखाचा चढ, धो धो पाऊस, वायपर, दिवे, पंखा सगळं चालू. इंजिनाचा आवाज तसाच, पण काटा अडीच हजारांवरून अठराशेवर घसरला. "भावोजी, तुमचं सोंग उघडं पडलं!" बॉनेटखालून कर्र आवाज येतोय का, एवढंच मी विचारलं. येत होता. ओला, ढिला पट्टा वाढलेल्या भाराखाली घसरत होता, त्यामुळे अल्टरनेटर मागे पडला होता आणि मीटर इमानेइतबारे अल्टरनेटरच मोजत होता. कासारवडवलीला पट्टा ताणून घेतल्यावर काटा परत अडीच हजारांवर आला.