पार्श्वभूमी : सायकलचा सहा व्होल्टचा हॅलोजन बल्ब मिळेनासा का झाला

डायनॅमोवर चालणाऱ्या जुन्या जर्मन सायकलदिव्याचा बल्ब उडाला, तर दुकानात जाऊन नुसते ‘सायकलचा हॅलोजन द्या’ म्हणून भागत नाही. त्या बल्बच्या धातूच्या कडीवर, भिंग लावल्यावरच नीट दिसेल अशा अक्षरांत, ६ व्होल्ट आणि २.४ वॅट हे आकडे असतात. २.५ नाही, ३ नाही, नेमके २.४, आणि बल्ब शोधताना होणारी दमछाक या आकड्यापासून सुरू होते.

जर्मनीच्या वाहन नियमावलीतील कलम ६७ नुसार साध्या सायकलला ६ व्होल्ट, ३ वॅटचा डायनॅमो अनेक दशके सक्तीचा होता. त्या ३ वॅटची वाटणी पुढच्या दिव्याला २.४ आणि मागच्या लाल दिव्याला ०.६ अशी ठरली. बॅटरी व्होल्टेज जवळपास स्थिर ठेवते. डायनॅमोचे तसे नाही. सायकलने जरा वेग घेतला की तो सुमारे अर्धा अँपिअर प्रवाह रेटत राहतो. त्यातला ०.४ पुढचा बल्ब घेतो आणि ०.१ मागचा. मागचा बल्ब गेला, की सगळा प्रवाह पुढच्याच्या वाट्याला येतो आणि पहिल्याच लांब उतारावर तोही जातो. प्रवाह वाढला की बल्बवरचे व्होल्टेजही वाढते, आणि बल्बमधल्या तंतूचे आयुष्य व्होल्टेजच्या साधारण बाराव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात घटते, म्हणजे व्होल्टेज अवघे ५ टक्के वाढले तरी आयुष्य जवळपास निम्म्यावर येते. पुढे दिव्यांत जादा व्होल्टेज गिळणारे झेनर डायोड आले, पण ते नसलेल्या दिव्यात नवा बल्ब आठवड्याभरात उडत असेल, तर बल्बला दोष देण्याआधी मागच्या दिव्याची वायर पाहावी.

पुण्यात बिनदिव्याच्या सायकलला पोलीस अडवीत त्या काळात टायरला घासत फिरणारा डायनॅमो आपल्याकडेही घरोघरी होता, परंतु त्याचा बल्ब आट्यांचा, साधा. नेमका मिळाला नाही तर जवळपासच्या आकड्याचा पिळून बसवला जाई. हॅलोजनने ही मोकळीक संपवली.

१९५९ मध्ये अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या एल्मर फ्रिड्रिक आणि एमेट वायली यांना टंगस्टन-हॅलोजन दिव्याचे पेटंट मिळाले. तंतूतून उडालेले टंगस्टन आयोडीन किंवा ब्रोमीनशी संयोग पावून पुन्हा तंतूकडे परतते. त्यामुळे काच काळवंडत नाही आणि तंतू अधिक तापवता येतो. मात्र हे चक्र चालण्यासाठी काचही चांगलीच गरम राहावी लागते, म्हणून कुपी चिमुकली. सायकलसाठी या तत्त्वावर जो बल्ब रूढ झाला त्याचे नाव एचएस३. त्याला आटे नाहीत, बल्ब ठरलेल्या जागी धरणारी धातूची कॉलर आहे. कारण तंतू परावर्तकाच्या केंद्राशी नेमका बसला, तरच प्रकाशझोत रस्त्यावर नीट पडतो.

ही काटेकोर रचनाच पुढे बाजाराच्या दृष्टीने अडचणीची ठरली, असे मला वाटते. अमेरिकेतील डोंगरी सायकलस्वारांनी नव्वदच्या दशकात बॅटरीवर जे एमआर१६ (परावर्तक जोडलेले छोटे हॅलोजन) बल्ब लावले, ते स्लाइड प्रोजेक्टर आणि दुकानांच्या सजावटीतून आलेले असल्याने सायकलींनी त्यांना सोडल्यावरही विकले जात राहिले. एचएस३ ला सायकलच्या डायनॅमोखेरीज गिऱ्हाईक जवळपास नव्हतेच. २००८ च्या सुमारास चांगले एलईडी डायनॅमोदिवे आले, २०१३ मध्ये जर्मनीने बॅटरीच्या दिव्यांनाही सरसकट परवानगी दिली, आणि हे गिऱ्हाईकही पांगले. युरोपीय संघाने २०१८ मध्ये हॅलोजनवर आणलेली बंदी पुष्कळदा कारण म्हणून सांगितली जाते, परंतु ती घरगुती दिव्यांसाठी होती.

आता त्याच होल्डरमध्ये बसणारे एलईडी बल्ब मिळतात, पण त्यांत दोन गोष्टी पाहाव्या लागतात. तंतूला एसी-डीसी सारखेच, तर डायनॅमोच्या एसीवर एलईडीला आत एसीचे डीसी करणारा रेक्टिफायर हवा. शिवाय परावर्तक एका बारीक तंतूसाठी घडवलेला असल्यामुळे चपट्या चिपचा उजेड भलतीकडे फाकतो आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. म्हणून मूळचा बल्ब कुठे जुन्या साठ्यात सापडला, तर तो घेणेच बरे. बसवताना मात्र काच कागदात धरावी, कारण बोटांचा तेलकटपणा तिला लागला तर ती तापल्यावर त्याच जागी खराब होते.