डीएलई म्हणे 'नवीन' आहे!

सध्या लिथियमची कुठलीही बातमी उघडा, त्यात डीएलई असतंच. डीएलई म्हणजे डायरेक्ट लिथियम एक्स्ट्रॅक्शन, खाऱ्या पाण्यातून लिथियम थेट ओढून काढायची पद्धत, आणि सूर असा की कालपरवा कुण्या स्टार्टअपवाल्याने गॅरेजमध्ये बसून शोधलंय. अहो, याचं मूळ पेटंट 1970 च्या दशकातलं आहे!

जुनी पद्धत आधी बघू. चिलीत अटाकामा वाळवंटात जे चालतं ते म्हणजे आपल्या भाईंदर-वडाळ्याच्या मिठागरांचा थोरला भाऊच, जमिनीखालचं खारं पाणी उपसायचं, अवाढव्य तलावांत सोडायचं आणि बाकी सगळं उन्हाच्या भरवशावर. आधी साधं मीठ बसतं, मग पोटॅशचे क्षार, असं करत करत निळं पाणी शेवटच्या तलावात पिवळं पडतं तेव्हा कुठे लिथियम काढण्याजोगं दाट होतं. वर्ष-दीड वर्ष जातं, आणि निम्म्याच्या आसपास माल वाटेतच जातो. पण ऊन फुकट, त्यामुळे स्वस्त.

आता जिथे पाऊस पडतो तिथे काय करायचं? अमेरिकेत आर्कान्साखाली स्मॅकओव्हर नावाचा चुनखडकाचा थर आहे, त्यातलं पाणी डाऊ केमिकल ब्रोमीनसाठी उपसायची. त्यात लिटरला काहीशे मिलिग्रॅम लिथियम होतं, पण सोबत सोडियम-कॅल्शियम हजारोंनी, म्हणजे गर्दीतून एकच माणूस हुडकायचा. डाऊच्या ली आणि बाऊमन यांनी 1978-79 च्या सुमारास यावर जी पेटंटं घेतली त्यात हिरो कोण, तर अॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड. गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की ढगासारखं जे खाली बसतं ना, त्याच्याच घरातलं. याच्या स्फटिकाचे थर असतात आणि थरांत बारीक रिकामी भोकं, त्यात लिथियम बसतो, सोडियम-पोटॅशियम जाड पडतात म्हणून बाहेर राहतात. नुसती पूड नळकांड्यात भरली तर पाणीच तुंबणार, म्हणून त्यांनी ती रेझिनच्या (प्लास्टिकसारख्या) मण्यांच्या आत तयार केली.

मला यातली सगळ्यात भारी गोष्ट वाटते ती धुण्याची. पकडलेलं लिथियम सोडवायला अॅसिड लागत नाही, गोडं पाणी चालतं, फक्त सगळंच्या सगळं धुवून काढायचं नाही, नाहीतर थरांची रचनाच मोडते आणि माल बाद. म्हणून धुण्याच्या पाण्यातही थोडं लिथियम क्लोराइड ठेवतात.

तिकडे जपानमध्ये मॅंगनीज ऑक्साइडच्या, लिथियम तेवढं धरून ठेवणाऱ्या चाळण्यांवर काम चाललं होतं, तेही थेट समुद्राच्या पाण्यातून, जिथे लिटरमागे जेमतेम 0.17 मिलिग्रॅम! त्या चाळण्या लिथियम जास्त पकडतात पण धुवायला अॅसिड लागतं आणि दर वेळी थोडं मॅंगनीज विरघळून जातं.

मग इतकी वर्षं हे अडलं कुठे? तर भावात. एफएमसी कंपनीने 1990 च्या दशकाच्या शेवटी अर्जेंटिनातल्या कातामार्का प्रांतात, सालार देल ओम्ब्रे मुएर्तोला (शब्दशः 'मेलेल्या माणसाचं मीठमैदान') अॅल्युमिनियमवाली चाळणी धंद्यात उतरवली खरी, पण त्याच सुमारास अटाकामाचा स्वस्त माल बाजारात आला आणि भाव कोसळले. तेव्हा नव्या खटाटोपात पैसा कोण घालणार? नंतर चीनमध्ये छिंगहायच्या खाऱ्या तलावांवर हीच जात वापरात आली, कारण तिथल्या पाण्यात मॅग्नेशियम इतकं की नुसत्या तलावांनी भागत नाही. पुढे इलेक्ट्रिक गाड्या आल्या, 2022 मध्ये भाव आभाळाला भिडले, आणि सगळ्यांना जुनी पेटंटं आठवली. 2024 मध्ये एरामेट या फ्रेंच कंपनीचा सेंतेनारियो प्लांट अर्जेंटिनात सुरू झाला, वर्षाला 24,000 टनांची क्षमता. एक्सॉनमोबिल तर पुन्हा स्मॅकओव्हरवरच आली.

'पर्यावरणपूरक' वगैरे जाहिरात मात्र जरा जपून वाचा. खारं पाणी परत जमिनीत सोडता येतं हे खरं, पण धुण्याचं गोडं पाणी वाळवंटात आणायचं कुठून? ओम्ब्रे मुएर्तोला भांडण त्याच्यावरूनच आहे, ट्रापिचे नदीकाठची कुरणं सुकली म्हणून लोक कोर्टात गेले, आणि मार्च 2024 मध्ये कातामार्काच्या कोर्टाने तिथल्या लोस पातोस नदीच्या परिसरात नवे परवाने थांबवले. त्याच्या दोनच महिने आधी आपल्या सरकारी 'काबिल' कंपनीने लिथियमचे पाच ब्लॉक घेतले होते, तेही याच कातामार्कात.