नॅन्टकेट टोपली-पर्स

नॅन्टकेट टोपली-पर्स : अमेरिकेच्या मॅसॅच्यूसेट्स राज्यातील नॅन्टकेट बेटावर साच्यावर विणली जाणारी, झाकणाची व वरून मूठ असलेली वेताची हातपर्स. विसाव्या शतकाच्या मध्यातील, कारागिराची सही असलेले नग संग्राहक शोधत असतात. बेलापूरच्या अर्बन हाटसारख्या ठिकाणी ईशान्येकडील वेतकाम पाहिलेल्यांना किंवा बाली बेटावरील वेलीच्या गोल पिशव्या माहीत असलेल्यांना ती त्यांचीच बहीण वाटते. रचनेच्या दृष्टीने त्यांचा संबंध नाही.

रचना : या टोपलीचा तळ विणलेला नसून कातलेल्या लाकडी चकतीचा असतो. चकतीच्या कडेला फिरवलेल्या खाचेत ओक, हिकरी किंवा तत्सम लाकडाच्या कामट्या खोचून त्या लाकडी साच्यावर वाकवतात आणि त्यांतून वेताची अरुंद साल एकीच्या वरून, दुसरीच्या खालून नेतात. कामट्यांची संख्या विषम ठेवली की एकच धागा न तोडता तळापासून काठापर्यंत फिरत राहतो. काठ आत-बाहेर दोन पट्ट्यांत आवळतात. आपल्याकडील बुरूड कामट्या आडव्या-उभ्या टाकून तळच आधी विणतो व पुढचा आकार हाताच्या अंदाजाने काढतो. नॅन्टकेटच्या पद्धतीत आकार साचा ठरवतो. म्हणूनच तेथे एकात एक चपखल बसणाऱ्या टोपल्यांचे संच निघू शकले. बुरुडाचे काम त्यामुळे कमी प्रतीचे ठरते असे मात्र नाही.

उगम : याविषयी एकमत नाही. बेटाच्या दक्षिणेकडील उथळ, धोक्याच्या वाळूपट्ट्यांजवळ १८५४ मध्ये दीपनौका (दीपगृहाचे काम करणारे नांगरलेले जहाज) ठेवण्यात आली. तिच्यावर महिनोन्‌महिने अडकलेल्या खलाशांनी वेळ घालवण्यासाठी या टोपल्या विणल्या, हे प्रचलित मत. ‘दीपनौका टोपली’ हे नाव त्यावरूनच पडले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जहाजावर हे काम चाले, याबद्दल फारसा वाद नाही. प्रश्न आहे तो पद्धत तेथेच जन्मली का, हा. दुसऱ्या मतानुसार खाच असलेला लाकडी तळ आणि त्यात बसवलेल्या कामट्या ही पिंपे बनवणाऱ्यांची रीत आहे. देवमाशांच्या तेलासाठी बेटावर पिंपांचा धंदा आधीपासून होता. वेत तर बेटावर उगवत नाही. तो आग्नेय आशियातून, सागरी व्यापारातून येई. तिसरे मत बेटाचे मूळ रहिवासी असलेल्या वाम्पानोआग लोकांच्या लाकडी पट्ट्यांच्या टोपल्यांकडे बोट दाखवते, पण त्यातून लाकडी तळाचा खुलासा होत नाही. पद्धत किनाऱ्यावर, पिंपेकामाच्या प्रभावाखाली घडली आणि दीपनौकेवर तिचा प्रसार झाला, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते. देवमाशांच्या शिकारीचे शेवटचे जहाज बेटावरून १८६९ मध्ये निघाले. पुढे धंदा बसल्यावर टोपलीविक्रीला महत्त्व आले असावे. विसाव्या शतकाच्या आरंभाच्या सुमारास जहाजावरचे विणकाम थांबून ते पूर्णपणे बेटावर आले.

पर्सचे रूप : टोपलीला झाकण बसवून पर्स रूढ करण्याचे श्रेय होजे फॉर्मोसो रेयेस (१९०२–१९८०) यांना दिले जाते. ते मूळचे फिलिपिन्सचे. हार्वर्डमध्ये शिकूनही बेटावर शिक्षकाची नोकरी मिळेना, तेव्हा त्यांनी मिची रे या जुन्या कारागिराकडून विणकाम उचलले. १९४८ च्या सुमारास त्यांनी केलेल्या झाकणाच्या टोपलीला पुढे ‘मैत्री टोपली’ म्हणू लागले. झाकणावरील कोरीव देवमाशाची कल्पना चार्ली सेल यांच्याशी जोडली जाते. आरंभीचा मासा आबनुसी लाकडाचा, नंतरचे हस्तिदंताचे. बेटाचे चिन्ह आता एका फिलिपिनो माणसाच्या नावाने ओळखले जाते, ही गोष्ट प्रचलित वर्णनांत अनेकदा एका ओळीत उरकली जाते.

संग्रह : रेयेस यांच्या पर्सच्या तळावर सही व बेटाचा नकाशा आढळतो. नवा वेत फिकट असतो. वर्षानुवर्षांच्या हाताळणीने तो मधाच्या रंगाचा होतो. सगळीकडे सारखाच गडद रंग दिसला तर मुद्दाम रंगवल्याचा संशय घ्यावा. झाकणावरील आकृती मागाहून बदललेली असू शकते, म्हणून आतल्या बाजूने तिच्या बसवणीची छिद्रे पाहतात. आडव्या छेदात एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषांची जाळी दिसली तर तो हस्तिदंत. देवमाशाच्या दातात थर एकाबाहेर एक असतात. खोटा हस्तिदंत ओळखण्यासाठी तापलेली सुई टोचून पाहण्याची रीत नगाची कायमची खराबी करते.

ठाणे व खाडीकाठच्या नवी मुंबईत खरा शत्रू पावसाळा. जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत वेतावर बुरशी चढते, आणि प्लास्टिकच्या पिशवीत बंद ठेवल्यास लवकर चढते. सुती कापडात सैल गुंडाळून हवेशीर कपाटात ठेवणे बरे. पिवळट भुकटी गळू लागली की किडा लागला, असे समजावे.

कायदा : अमेरिकेत सागरी सस्तन प्राण्यांचा कायदा १९७२ चा, त्यानंतर कारागीर देवमाशाच्या दाताऐवजी हाड आणि अन्य पर्यायांकडे वळले. भारतातही १९७२ चाच वन्यजीव (संरक्षण) अधिनियम हस्तिदंताच्या व्यापारास मनाई करतो, आणि संकटग्रस्त प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचा करार भारताला १९७६ पासून लागू आहे. त्यामुळे अमेरिकेतील नातेवाइकाने प्रेमाने दिलेली जुनी पर्सही, हस्तिदंती देवमाशासकट, न्हावा-शेवा बंदरातून किंवा विमानतळावरून परवान्याशिवाय आणता येत नाही. नग जुना असणे एवढीच सबब पुरत नाही. वन्यजीव गुन्हे नियंत्रण विभागाचे पश्चिम क्षेत्रीय कार्यालय बेलापुरातच आहे. लाकडी किंवा हाडाची आकृती असली तरी ती कशाची आहे हे कागदावर आधी ठरवून घ्यावे लागते.